ऑफिसातून निघालेला संगणक पुन्हा वापरात घेताना

आमच्या इंदुरातल्या एका छोट्या मराठी वाचनालयासाठी गेल्या वर्षी चार डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप असे पाच जुने संगणक घेतले, आणि ते वापरायोग्य करून देण्याचे काम माझ्याकडे आले. पाचही यंत्रे कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या कार्यालयातून निघालेली होती. अशी यंत्रे शंभर-दोनशेच्या लॉटने बाजारात येतात आणि विकणारा बहुधा एकच आश्वासन देतो. आम्हालाही तेच मिळाले: "भिया, पूरा फॉर्मेट मारा हुआ है, बेफिकर ले जाओ।" त्या सांगण्यात त्याचा काही खोटेपणा असेल असे मला वाटत नाही. पण फॉरमॅट मारणे आणि संगणक खऱ्या अर्थाने आपला होणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर नेमके कशाचे आहे हे समजावून सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

कार्यालयातून निघालेल्या संगणकात आधीचा मालक चार ठिकाणी शिल्लक राहू शकतो: मदरबोर्ड या मुख्य पटलावरच्या बायोसमध्ये, इंटरनेटवरच्या कुठल्या तरी सर्व्हरवरील नोंदीत, डिस्कवर आणि विंडोजच्या परवान्यात. फॉरमॅट मारल्याने यांपैकी फक्त डिस्कला हात लागतो आणि तोही अर्धवट लागतो. बाकीची तीन ठिकाणे जशीच्या तशी राहतात.

त्याआधी, अशी यंत्रे घ्यावीतच कशाला, याचे उत्तर थोडक्यात देतो. डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवोची थिंकसेंटर ही मॉडेले कंपन्यांसाठी बनवलेली असतात. त्यांचा पत्रा जाड असतो, आतली मांडणी नीट असते, दुरुस्तीची पुस्तिका उत्पादकाच्या संकेतस्थळावर मिळते आणि तीन-पाच वर्षांनी कंपनी ती बदलते तेव्हा त्यांत बरेच आयुष्य उरलेले असते. नोंदी ठेवणे, पत्रे लिहिणे, पुस्तकांची यादी करणे, मुलांना वर्तमानपत्राची ई-आवृत्ती दाखवणे एवढ्या कामाला दहा वर्षांपूर्वीचा आय-५ प्रोसेसर पुरेसा आहे. एक गोष्ट मात्र विकत घेण्यापूर्वीच लक्षात ठेवावी. यांतल्या पुष्कळ मॉडेलांचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बाजारातल्या नेहमीच्या एसएमपीएससारखा नसतो. त्याचा आकार आणि मदरबोर्डला जोडणारी पिन वेगळी असते. तो जळला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला एसएमपीएस बसत नाही, त्याच मॉडेलचा शोधावा लागतो. म्हणून एकाच मॉडेलची दोन-तीन यंत्रे घेणे शहाणपणाचे ठरते.

बायोसचे कुलूप

संगणक सुरू केल्यावर विंडोज दिसण्याआधी जो प्रोग्राम चालतो त्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. २०१२ नंतरच्या बहुतेक यंत्रांत त्याची जागा यूईएफआय या नव्या रचनेने घेतली आहे. डेलमध्ये एफ-२, एचपीमध्ये एफ-१० आणि लेनोवोमध्ये एफ-१ दाबून त्यात शिरता येते. कंपनीच्या आयटी विभागाने तिथे पासवर्ड घातलेला असेल तर पेन ड्राइव्हवरून विंडोजसारखी नवी प्रणाली चढवणेही अडू शकते, कारण पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची परवानगी तिथूनच दिलेली किंवा नाकारलेली असते. विंडोज कितीही वेळा नव्याने घातले तरी हा पासवर्ड जात नाही, कारण तो डिस्कवर नसतोच.

पुष्कळ जण सांगतात की मदरबोर्डवरचा सेल काढून पाच मिनिटांनी परत घातला की पासवर्ड उडतो. घरगुती असेंबल्ड संगणकात अनेकदा तसे होते. कार्यालयीन मॉडेलांत पासवर्ड वेगळ्या, वीज गेली तरी टिकणाऱ्या चिपमध्ये असतो, त्यामुळे सेल काढून घड्याळ तेवढे बिघडते. अनेक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर 'पीएसडब्ल्यूडी' अशी अक्षरे छापलेल्या दोन पिनांवर एक छोटी टोपी, म्हणजे जंपर असतो. यंत्र बंद करून, वायर काढून तो जंपर काढायचा, यंत्र एकदा सुरू करायचे, पुन्हा बंद करून जंपर जागेवर बसवायचा, अशी ती पद्धत असते. नेमका क्रम त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच पाळावा. लॅपटॉपची गोष्ट निराळी. थिंकपॅडमध्ये सुपरवायझर पासवर्ड माहीत नसेल तर उत्पादकाच्या सांगण्याप्रमाणे मदरबोर्ड बदलण्यावाचून उपाय नाही. म्हणून लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून बघावा. तो पासवर्ड मागत असेल तर विक्रेत्याला तो काढून द्यायला सांगावे, आणि त्याला जमत नसेल तर ते यंत्र सरळ सोडून द्यावे.

बायोसमध्येच आणखी एक नोंद तपासायची असते. चोरी झालेला लॅपटॉप शोधण्यासाठी कंपन्या ॲब्सोल्यूट नावाची सेवा घेतात. तिचे पूर्वीचे नाव कॉम्प्युट्रेस. तिचा एक भाग बायोसमध्ये बसवलेला असतो, आणि ती सेवा सुरू केलेली असेल तर नवे विंडोज घातल्यावरही तो भाग आपला सहायक प्रोग्राम पुन्हा विंडोजमध्ये आणून ठेवतो. ती सेवा बायोसच्या पडद्यावर 'ॲक्टिव्हेटेड' अशी दिसत असेल, तर ती बंद करण्याचा अधिकार सेवा घेणाऱ्या कंपनीलाच असतो.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर तोही इथेच सांगून टाकतो, कारण यावर माझा एक अख्खा दिवस गेला. आमच्या पाचांपैकी एका डेस्कटॉपवर कुठलेही संकेतस्थळ उघडले की ते सुरक्षित नाही, असा इशारा येत होता. मी ब्राउझर बदलला, नेटची जोडणी तपासली, विंडोज पुन्हा घातले. शेवटी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघितली तर साल २०१२ होते. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणकाच्या समजुतीने आजची तारीख त्या मुदतीच्या आधीची असेल तर तो प्रत्येक प्रमाणपत्र नाकारतो. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा सीआर-२०३२ सेल संपला होता. तो आमच्याकडच्या सिल्व्हर मॉल या संगणक-बाजारात काय, कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडेही मिळतो. दहा वर्षांच्या संगणकात हा सेल आधी बदलावा आणि मग पुढच्या कामाला लागावे.

सर्व्हरवरची नोंद

हा प्रकार तुलनेने नवा आहे आणि त्याबद्दल फार कमी जणांना माहिती असते. विंडोज १० आल्यानंतर मायक्रोसॉफ्टने मोठ्या संस्थांसाठी ऑटोपायलट नावाची सोय दिली. कंपनी आपल्या प्रत्येक संगणकाची हार्डवेअरवरून काढलेली ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवून ठेवते. पुढे तो संगणक कुणीही पुसून नव्याने सुरू केला की पहिल्यांदा इंटरनेटला जोडताच तो सर्व्हरला विचारतो, 'मी कुणाचा?' आणि उत्तर येते, 'अमुक कंपनीचा.' मग पडद्यावर त्या कंपनीच्या नावाचे स्वागत दिसते आणि तिच्या कर्मचाऱ्याचा ईमेल व पासवर्ड मागितला जातो.

आमच्या लॅपटॉपचे नेमके असेच झाले. विक्रेत्याने तो नेटला न जोडता चालू करून दाखवला होता, त्यामुळे दुकानात सर्व काही ठीक दिसले. घरी येऊन वायफाय जोडला, विंडोज नव्याने घातले आणि समोर परक्या कंपनीचे नाव उभे राहिले. सुटका एकच असते: त्या कंपनीने आपल्या यादीतून ते यंत्र वगळायचे. लॉट विकताना हे करणे हा त्यांच्या कामाचा भाग असायला हवा, पण तो अनेकदा राहून जातो. आम्ही तो लॅपटॉप परत केला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून वेळ मारून नेता आली असती, कारण ही नोंद विंडोजपुरतीच असते. पण जे यंत्र कागदोपत्री अजून दुसऱ्या कुणाचे दिसते ते सार्वजनिक संस्थेने ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यासाठी दोन गोष्टी कराव्यात. यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल घ्यावे, आणि विक्रेत्याच्या समोर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून विंडोजची सुरुवातीची मांडणी शेवटपर्यंत करून बघावी.

डिस्क पुसणे म्हणजे काय

आता फॉरमॅटकडे वळतो. वाचनालयात पुस्तके कपाटात असतात आणि कोणते पुस्तक कुठे आहे ते सांगणारी कार्डे एका खणात असतात. कुणी तो खण रिकामा केला, तर पाहणाऱ्याला वाटेल की वाचनालयात पुस्तकच नाही. पुस्तके मात्र कपाटात जागच्या जागी असतात. 'क्विक फॉरमॅट' म्हणजे हा खण रिकामा करणे. डिस्कवर नवी कोरी सूची तयार होते आणि जुन्या फायलींचा मजकूर तसाच पडून राहतो, जोवर त्या जागेवर दुसरे काही लिहिले जात नाही.

हे पटवून घेण्यासाठी मी आमच्या पहिल्याच डेस्कटॉपच्या डिस्कवर फोटोरेक हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला. तो सूचीकडे न बघता डिस्क सुरुवातीपासून वाचत जातो आणि फायलींच्या ओळखीच्या खुणा शोधतो. अर्ध्या तासाच्या आत त्याने पॅन कार्डांच्या आणि आधार कार्डांच्या स्कॅन प्रती, सहीशिक्क्यांची पत्रे आणि पगाराचे तक्ते बाहेर काढले. त्यांतल्या एका माणसाचा चेहरा कार्डावरच्या छायाचित्रातून माझ्याकडे बघत होता. तो कोण, कुठला, मला माहीत नाही. त्याचीही कागदपत्रे कुठल्या टेबलावर उघडली गेली हे त्याला माहीत नाही. मी तिथेच थांबलो, काढलेल्या फायली नष्ट केल्या आणि डिस्क पूर्ण पुसायला लावली. विकणाऱ्याने जे करायला हवे होते ते घेणाऱ्याने करायचे, हे उलटे आहे, पण त्या अनोळखी माणसांसाठी तेवढे करणे आपल्या हातात असते. शिवाय आपणही कधी तरी हे संगणक विकणार आहोत.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल तर ती पुसण्याचा अर्थ तिच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहिणे असा आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढे 'क्विक' ही खूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट हेच करते. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरूनही ते करता येते. ५०० जीबीच्या डिस्कवर सेकंदाला सुमारे १०० एमबी या वेगाने लिहायचे तर साधारण दीड तास लागतो. पाच मिनिटांत आटोपलेले फॉरमॅट म्हणजे कार्डांचा खण रिकामा केलेला, हे यावरून ओळखता येते. किती वेळा पुसावे याबद्दल बरेच गैरसमज आहेत. संगणक-सुरक्षेचे संशोधक पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये मांडलेली ३५ वेळा लिहिण्याची पद्धत अजूनही ऐकू येते, पण ती त्या काळातल्या विविध डिस्कांसाठी होती आणि आजच्या डिस्कांना तिची गरज नाही, असे पुढे त्यांनीच सांगितले आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शनानुसारही आधुनिक हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण लिहिणे सर्वसाधारण कामासाठी पुरेसे असते.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क, असेल तर हा नियम लागू पडत नाही. एसएसडीतली प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहिता येते, म्हणून ती झीज सर्वत्र सारखी व्हावी यासाठी आतला नियंत्रक मजकुराची जागा सतत बदलत असतो आणि काही जागा बाहेरच्या जगापासून राखून ठेवतो. आपण संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली असे आपल्याला वाटते, पण राखीव जागेत जुना मजकूर राहू शकतो. यासाठी एसएसडीला आतून स्वतःला पुसण्याची आज्ञा द्यावी लागते; तिला 'सिक्युअर इरेज' म्हणतात. अनेक कार्यालयीन मॉडेलांच्या बायोसमध्येच हा पर्याय दिलेला असतो आणि काम काही सेकंदांत किंवा मिनिटांत होते. डिस्क विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल आणि ती ४८ अंकी किल्ली मागत असेल, तर आतला मजकूर वाचण्याची आशा सोडावी. पुसून पुन्हा वापरायला ती मोकळी असते.

पुसण्याआधी डिस्कची तब्येत पाहून घ्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा प्रोग्राम डिस्क किती तास चालली आहे आणि तिने किती खराब जागा बाजूला टाकल्या आहेत हे सांगतो. दुसरा आकडा शून्य नसेल तर मी ती हार्ड डिस्क वापरत नाही. खरे तर जुन्या यंत्रात पैसे घालायचेच असतील तर ते आधी २४० किंवा २५६ जीबीच्या साटा जोडणीच्या एसएसडीवर घालावेत. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली की तोच संगणक वेगळा वाटतो. प्रोसेसर किंवा रॅम बदलून तेवढा फरक पडत नाही. रॅम ८ जीबी असावी, आणि घेताना डीडीआर-३ की डीडीआर-४ हे बघून घ्यावे, कारण एकाची काडी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.

परवाना कुणाचा

विंडोज ७ च्या काळातल्या यंत्रांच्या बाजूला किंवा पाठीवर मायक्रोसॉफ्टचे एक स्टिकर असे, त्यावर २५ अक्षरांची किल्ली छापलेली असे. विंडोज ८ पासून ती किल्ली मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये लिहिली जाऊ लागली, आणि स्टिकरवर नुसते चिन्ह राहिले. अशा यंत्रावर त्याच आवृत्तीचे विंडोज घातले की ते किल्ली स्वतः वाचून घेते. विंडोज १० एकदा रीतसर सक्रिय झालेले असेल तर ती नोंद मदरबोर्डच्या ओळखीला बांधलेली असते, त्यामुळे डिस्क बदलली तरी नेटला जोडल्यावर परवाना परत लागू होतो. विंडोज ७ च्या स्टिकरवरची किल्ली घालून विंडोज १० सक्रिय करण्याची वाट बरीच वर्षे खुली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंद केली.

फसगत होते ती इथे. कंपन्या पुष्कळदा एकत्रित परवाना घेतात. त्यात प्रत्येक संगणक कंपनीच्या आतल्या सर्व्हरकडून सक्रियता घेतो आणि ती १८० दिवस टिकते. त्या मुदतीत पुन्हा त्या सर्व्हरची भेट झाली की ती वाढते. असा संगणक तुम्ही आहे तसा वापरायला घेतला तर सहा महिने काहीच जाणवत नाही आणि मग एक दिवस विंडोज परवाना मागू लागते. काही ठिकाणी याच पद्धतीची नक्कल करणारे प्रोग्राम चालवून विंडोज 'ॲक्टिव्हेट' करून दिले जाते. तो प्रोग्राम कुणी लिहिला आणि तो आणखी काय करतो हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि तो नीट चालावा म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगितले जाते. वर्गणीदारांचे पत्ते आणि फोन नंबर ज्या यंत्रावर ठेवायचे त्यावर हे नको.

प्रणालीचे वय

यंत्राच्या वयापेक्षा प्रणालीच्या वयाची काळजी अधिक करावी, हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे. विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून दुरुस्त्या मिळणे, ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी, ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आधार संपणे म्हणजे प्रणाली बंद पडणे नव्हे. ती पूर्वीसारखीच चालते, म्हणूनच लोकांना वाटते की काही बिघडले नाही. प्रत्यक्षात त्या दिवसानंतर तिच्यात सापडणारी प्रत्येक नवी फट उघडीच राहते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला तेव्हा त्याने वापरलेली फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांची यंत्रे सापडली. आधार संपलेल्या प्रणालीला तर अशी दुरुस्ती मिळतच नाही. त्या वेळी एक्सपीसाठी ती नंतर दिली गेली, हा अपवाद होता.

ब्राउझरही साथ सोडतात. विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती. एक्सपीतला इंटरनेट एक्सप्लोरर तर टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची भाषाच जाणत नाही, त्यामुळे बँकेचे पान तिथे उघडणार नाही, आणि उघडू नये हेच बरे.

मग काय घालावे? प्रोसेसरच्या नावावरून पिढी ओळखता येते. आय-५ नंतरच्या चार आकड्यांतला पहिला आकडा म्हणजे पिढी: ३४७० तिसरी, ६५०० सहावी, ८५०० आठवी. आठवी किंवा त्यापुढची पिढी, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट ही फक्त अस्सल प्रणाली सुरू होऊ देणारी सोय असेल तर विंडोज ११ रीतसर चालते. त्याआधीच्या यंत्रांवर अटी चुकवून ११ घालण्याच्या युक्त्या आहेत. पण अशा यंत्राला पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि संस्थेचा संगणक सांभाळायला दर वर्षी युक्ती करणारा माणूस उपलब्ध असेलच असे नाही. विंडोज १० साठी वैयक्तिक वापराच्या यंत्रांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या देण्याची योजना जाहीर झाली आहे. ती मधल्या काळाची सोय समजावी. विंडोज ७ तर सहाव्या पिढीच्या यंत्रांवर घालतानाच अडते: त्याच्या मूळ डिस्कवर यूएसबी ३.० चे ड्रायव्हर, म्हणजे ती जोडणी चालवणारे प्रोग्राम, नाहीत, त्यामुळे भाषा निवडण्याच्या पडद्यावर पोहोचताच कीबोर्ड आणि माउस दोन्ही मुके होतात.

आमच्या चार डेस्कटॉपांपैकी दोन चौथ्या आणि दोन सहाव्या पिढीचे होते. त्यांतल्या तिघांवर मी लिनक्स मिंट २२ घातले, ज्याला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. त्याला कमीत कमी २ जीबी आणि आरामात चालायला ४ जीबी रॅम लागते. आधी ते पेन ड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवून बघता येते, आणि तसेच करावे. त्या वेळी आवाज, वायफाय आणि विशेषतः प्रिंटर तपासावा. वाचनालयातला जुना एचपी लेझरजेट १०२० एचपीच्याच लिनक्स ड्रायव्हरचा एक पूरक भाग उतरवून घेतल्यावर चालू लागला. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, लिनक्सवर बराच हट्टीपणा करतो. ज्यांचे हिशेब टॅलीत आहेत त्यांनी त्या एका यंत्रापुरते रीतसर परवान्याचे विंडोज ठेवावे. मराठी टंकलेखनाची चिंता नको. इनस्क्रिप्ट या प्रमाण कीबोर्डची मांडणी दोन्हीकडे सारखीच आहे. शिफ्ट दाबून एन दाबले की ळ आणि जे दाबले की ऱ्या-ऱ्हासाठीचा ऱ उमटतो.

काकूंच्या याद्या

वाचनालयाची नोंदवही गेली वीस वर्षे सांभाळणाऱ्या काकूंना या सगळ्यात एकाच प्रश्नात रस होता. "अरे, नवं घाल, जुनं घाल, काय ते तू बघ. माझ्या याद्या उघडतील ना तेवढं सांग." "काकू, उघडतील," मी म्हणालो, "पण वाचता येतील की नाही ते बघावं लागेल." त्यांच्या याद्या एक्सपीच्या जुन्या यंत्रावर होत्या आणि नव्या संगणकावर उघडल्यावर तिथे पुस्तकांच्या नावांऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली.

याचे कारण असे. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजला ती प्रथम विंडोज २००० मध्ये आली, आणि एक्सपीतही ती सीडीवरून वेगळी चालू करावी लागे. त्यामुळे त्या काळातले लोक वेगळ्या तऱ्हेचे फॉन्ट वापरत. त्यांत संगणकाच्या दृष्टीने साठवलेले अक्षर रोमनच असे, फॉन्ट त्या जागी देवनागरीचे चित्र दाखवी. आमच्या भागात सर्रास चालणाऱ्या कृतिदेवमध्ये डी या अक्षराच्या जागी 'क' दिसतो आणि एफच्या जागी ऱ्हस्व वेलांटी. म्हणजे 'कि' लिहायला आधी एफ आणि मग डी, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो: आधी क, मग वेलांटी. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला अक्षरे बदलून भागत नाही, त्यांची जागाही बदलावी लागते, आणि जोडाक्षर व रफार एकत्र आले की तो हमखास चुकतो. काकूंच्या यादीत 'मूर्ती' आणि 'कीर्तन' असलेली नावे मी एकेक करून हाताने तपासली. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी असल्याने कोणता फॉन्ट वापरला होता हे आधी पक्के करावे, आणि त्याची फाइल जुन्या यंत्राच्या फॉन्ट फोल्डरमधून उचलून ठेवावी. जुना संगणक पुसण्याची घाई केली तर तोच एक दुवा नाहीसा होतो.

शिवाय त्या यंत्राच्या पाठीला, प्रिंटरच्या पंचवीस छिद्रांच्या जोडणीत, जुन्या टंकलेखन प्रोग्रामचे डोंगल खोचलेले आहे. ते असल्याशिवाय तो प्रोग्राम उघडत नाही आणि नव्या संगणकांत अशी जोडणीच नसते. म्हणून एक्सपीचे ते यंत्र आम्ही ठेवले आहे. त्याची नेटची वायर काढून टाकली आणि बायोसमधून नेटवर्क कार्डही बंद केले. त्यावरून फायली काढायला एक वेगळी पेन ड्राइव्ह आहे. ती दर वेळी लिनक्सच्या यंत्रावर आधी तपासली जाते. मूळ डिस्कची संपूर्ण प्रतिमाही, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवली आहे, कारण वीस वर्षे फिरलेली तबकडी कोणत्या सकाळी थांबेल ते सांगता येत नाही.

निकामी निघालेल्या दोन हार्ड डिस्क भंगारवाल्याला दिल्या नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. त्याआधी त्यांच्या तबकड्यांना ड्रिलने आरपार भोके पाडली.

प्रत्येक डेस्कटॉपच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मॉडेल, अनुक्रमांक, डिस्क कोणत्या दिवशी कशी पुसली, सेल कधी बदलला, कोणती प्रणाली घातली आणि तिचा आधार कधी संपतो हे लिहिले आहे. बायोसचा पासवर्ड त्या कागदावर नाही. तो बंद पाकिटात, काकूंच्या कपाटात, पुस्तकांच्या जुन्या दाखल-नोंदवहीच्या शेजारी आहे.